म्हैसा अजून उभा हाय

फोन आला तेव्हा प्रतिक्षा जव्हारच्या ऑफिसात वडापाव खात होती. पलीकडून गोदी. गोदीला फोनवर बोलायची सवय नाय, त्यामुळं ती या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारावी तशी बोलली. "म्याडम, सोन्या पाणी पीत नाय. म्हैसा उतरतच नाय त्याचा."

वडापाव तिथंच राहिला.

प्रतिक्षा जामसरची. भातशेतीच्या घरातली पोरगी, शिकली, एका संस्थेत लागली. तिचं काम असं, की जी माणसं अंगानं मोठी झाली पण डोक्यानं लहानच राहिली, ज्यांना आपलं भलंबुरं कळत नाय, त्यांच्या घरी जायचं. कोण त्यांना उपाशी ठेवतं, कोण मारतं, कोण बैलासारखं राबवून घेतं ते बघायचं आणि वर कळवायचं. वर मोठ्या बाई, संस्थेच्या प्रमुख, पालक नेमणाऱ्या सरकारी समितीवर पण. मोठ्या बाईंनी एक शब्द टाकला की माणूस घरातून उचलला आणि खाली शहरातल्या वसतिगृहात नेला. त्या वसतिगृहाला कडी बाहेरून असते. प्रतिक्षानं ते आत जाऊन बघितलेलं, म्हणून होता होईल तो ती कोणाला तिकडं जाऊ देत नसे. एवढं तिच्या बाजूनं आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं तिच्या बाजूनं सांगायला फार नाय.

सोन्या तिच्याकडचा. सूर्यमाळच्या अंगाला एक पाडा हाय, तिथला. तिशी ओलांडलेली, खांदे रेड्यासारखे, आणि अक्कल पाच वर्षांच्या पोराची. लाकडं आणायचा, गुरं पाण्यावर न्यायचा, गुरं पाणी प्यायली की टाळ्या वाजवायचा. आईबाप कधीच गेले. थोरली बहीण गोदी, नवऱ्यानं टाकलेली, ती त्याला सांभाळायची. सरकारदरबारी पण त्याची पालक तीच. पहिल्या दिवशी प्रतिक्षानं विचारलेलं, सोन्याचा पालक कोण? तर गोदी म्हणाली, पालक नाय बा आमच्यात, शेवग्याचा पाला हाय, चालंल का? पाडा त्याच्यावर महिनाभर हसला. बाई आली की पोरं ओरडायची, भाजी आली, भाजी आली.

वर्षभर सोन्या येडाच. बाया आपली मोळी त्याच्या डोक्यावर द्यायच्या, पोरं मागून धोतर ओढायची. फक्त बोहाड्यात तो म्हैसा व्हायचा, आणि मग चार दिवस हॉटेलवाला त्याला बोलावून चहा पाजायचा, या म्हैसासूर म्हणायचा.

बोहाडा म्हणजे देवांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवून गावातून सोंगं नाचवायची. ज्या घराचं जे सोंग, ते त्याच घरातल्या पुरुषानं नाचवायचं. म्हैशाचं सोंग सोन्याच्या बापाचं, बाप मेला तसं ते सोन्यावर आलं. लाकडाचा मुखवटा, वर खरी शिंगं, मागं फडक्यानं गच्च बांधायचा. ज्याच्या अंगावर सोंग, त्याला त्या दिवशी भाकर नाय, पाण्याचा थेंब नाय. बाकीची सोंगं रात्रीत आटपतात, आणि उन्हं वर आली की सगळ्यात शेवटी देवी आणि म्हैसा. दोघं नाचतात, देवी तलवारीचं टोक लावते, म्हैसा पडतो. मेला. मग मुखवटा काढायचा, तोंडावर पाणी मारायचं, पहिला घास त्याला भरवायचा. याला म्हणायचं सोंग उतरलं. सोंग उतरल्याशिवाय पाणी नाय आणि घरी जाणं पण नाय. हे पाड्यातल्या शेळीला पण ठाऊक.

पण अलीकडं पोरं माजलेली. भिवंडीच्या गोदामात, ठाण्याच्या बिल्डिंगींवर राबून बोहाड्याला घरी यायची, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात काठी. देवीनं टोक लावलं की हे पण घुसायचे. म्हैसा मारायचा, देवीचं काम, पुण्य लागतं म्हणायचे. मुकादमावरचा वर्षभराचा राग तिथं निघायचा. दुसरा कोणी म्हैसा असता तर त्यानं उलटी काठी घातली असती. सोन्या मार खायचा आणि हसायचा. गेल्या साली त्याचा पुढचा दात पडला, पाठ फुटली. गोदीचा चुलतभाऊ हेमराज, जो स्वतः काठी घेऊन पुढं होता, त्यानंच दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढला. व्हिडिओ फिरत फिरत मोठ्या बाईंच्या मोबाईलवर गेला.

मोठ्या बाई म्हणाल्या, यंदा त्याच्या अंगावर एक वळ दिसला तर मी त्याला उचलणार. मग रडत यायचं नाही.

म्हणून प्रतिक्षा बोहाड्याच्या आधी पाड्यावर गेली. कायदा सांगतो आधी त्या माणसालाच विचारा. तिनं सोन्याला समोर बसवलं, बिस्कीट दिलं, आणि विचारलं, तुला मारलं तर चालतं? सोन्या म्हणाला, हां. मग विचारलं, नाय मारलं तर चालतं? सोन्या म्हणाला, हां. दोन्हीकडं हां. म्हणजे त्याला समजत नाय. म्हणजे त्याच्यासाठी तिनं ठरवायचं. असं हे गणित, आणि गणितात तिची चूक नव्हती.

तिला वाटलं सोंगच बंद करावं. पण गोदी आडवी आली. म्हणाली, सोंग काढून घेतलंत तर तो वर्षाचे सगळे दिवस येडाच राहील, चार दिवस तरी माणूस होतो. हे प्रतिक्षाला पटलं. मग मधला रस्ता काढला. सोंग नाचेल, पण अंगाला हात लागणार नाय.

देवीचं सोंग देवराम म्हाताऱ्याकडं. तो ओट्यावर तंबाखू मळत सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "काठ्यांचं बरोबर हाय तुझं, बाय. पण टोक लावायला लागंल. टोकाबिगर म्हैसा मरत नाय."

प्रतिक्षाला हे माहीत नव्हतं असं नाय. जामसरची होती ती. मामाच्या खांद्यावर बसून तिनं किती म्हैसे मरताना बघितलेले. पण तिला पोरांची पण जात माहीत होती. टोक चालतं म्हटलं तर टोकाच्या मागून काठी घुसवतील. आणि मोठ्या बाईंना साधं एका ओळीचं उत्तर पायजे होतं.

"टोकपण नाय, बाबा," ती म्हणाली. "कोणी म्हणजे कोणी नाय. कशानं म्हणजे कशानं नाय."

देवरामनं मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग बरं म्हणाला. म्हाताऱ्या माणसाचं भांडण परवडतं, पण त्याचं नुसतं "बरं" परवडत नाय.

बोहाड्याच्या दिवशी तिला पालघरला मीटिंगला बसवलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हा फोन.

तिनं स्कुटी काढली ती मोखाड्यापर्यंत कुठं थांबली नाय. चैताचं ऊन, डांबर चाकाला चिकटतंय, पुढं चढावर पाण्याचा टँकर धापा टाकत चाललेला, त्याच्या मागं गळणारं पाणी भरायला दोन पोरं डबा घेऊन पळतायत. सोन्यानं परवाच्या रात्रीपासून पाणी घेतलेलं नाय, हा हिशोब तिच्या डोक्यात. असल्या उन्हात गुरं आडवी होतात.

पाड्याच्या खाली विहीर. विहिरीच्या काठावर म्हैसा उभा. शिंगं, लाल रंगवलेले डोळे, खाली सोन्याचं उघडं अंग, घामाचं मीठ वाळून पांढरं झालेलं. म्हैसा पाण्याजवळच जाणार, म्हणून तो तिथं उभा. पण पीत नव्हता. पाय लटपटत होते, तरी बसत नव्हता. लांब बाया हंडे घेऊन उभ्या, त्यांच्या मागं मोहाच्या झाडाखाली पोरं काठ्या घेऊन. मधल्या मोकळ्या जागेत गोदी, तांब्या पुढं ठेवून. तिचा ओठ फाटलेला.

हेमराज झाडाखालून उठून आला. "या म्याडम, आपकाही इंतजार था. बघून घ्या, आम्ही बोट लावलं नाय. तुम्ही सांगितलं ना, कोणी म्हणजे कोणी नाय. व्हिडिओ हाय, सुरवातीपासून."

झालं होतं ते असं. सोन्या झकास नाचला. देवी आली, फिरली, तलवार उचलली, आणि देवरामनं तलवार हवेत धरून खाली घेतली. पाठ फिरवली आणि देवी घेऊन घरी गेला. सांबळ थांबलं. सोन्या मान खाली घालून मार पडायची वाट बघत राहिला. पोरांनी काठ्या पाठीमागं लपवल्या आणि हसत बसली. लोक घरी गेले. ऊन डोक्यावर आलं तरी तो तिथंच. गोदीनं फडकं सोडायला हात घातला तर त्यानं शिंगानं ढकलली, तेव्हा ओठ फाटला. रात्री तो अंगणात उभा, सकाळी विहिरीवर. त्यात शेजारच्या कोंडीचं करडू मेलं. मग बाया म्हणायला लागल्या, मरायचंच ते, म्हैसा जिता सोडलाय बाईनं. आता कोणी विहिरीवर जाईना आणि घरात पाणी नाय, आणि पोरं म्हणत होती, देवीचं काम अर्धं राहिलंय, बाई जाऊ दे, मग बघतो.

प्रतिक्षा त्याच्याजवळ गेली. सोन्या, मी आलीय, खेळ संपला, चल. मुखवटा हलला नाय. आतून श्वासाचा आवाज येत होता, पत्र्यावर खडे घासावे तसा. तिनं फडक्याला हात घातला तसं शिंग तिच्या गळ्याशी आलं.

मग ती देवरामच्या ओट्याकडं पळाली. बाबा, चला, टोक लावा, मी सांगते, लावा. देवराम तसाच तंबाखू मळत होता. त्यानं सांगितलं, देवीचं सोंग उतरलं, आंघोळ झाली, मुखवटा देवघरात गेला. तो आता पुढच्या सालीच बाहेर निघायचा. देवी गेली, बाय.

"मग त्यानं मरायचं?"

"ज्यानं अडवलं त्यानं पुरं करावं," देवराम म्हणाला. "मी अडवलं का?"

तिनं मोठ्या बाईंना फोन लावला. डॉक्टर पाठवा म्हणणार होती. मोठ्या बाईंनी अर्धंच ऐकलं. त्या त्र्यंबकला गेलेल्या, जीप घेऊन मोखाड्यावरूनच परत येत होत्या. तिथंच थांब, म्हणाल्या, दोन माणसं आहेत माझ्याबरोबर, आम्ही त्याला घेऊनच जातो.

फोन ठेवला तेव्हा प्रतिक्षाला सगळं स्वच्छ दिसलं. जीप यायच्या आत सोन्या सोन्या झाला, पाणी पिऊन बहिणीजवळ बसलेला दिसला, तर काय तरी बोलता येईल. जीप आली आणि तो असाच शिंगं घालून उभा असला, तर ती दोन माणसं त्याला दोरीनं बांधून नेणार आणि बाहेरून कडी लागणार.

तिनं एका पोराच्या हातातली कारवीची काठी घेतली. पोरानं लगेच दिली. शाळेत खडू देतात तशी.

बाया हंडे खाली ठेवून पुढं सरकल्या. हेमराजनं मोबाईल वर केला.

प्रतिक्षानं काठीचं टोक सोन्याच्या छातीला लावलं. जसं देवी लावते, तसंच. म्हैसा उभाच. तिनं परत लावलं. मुखवटा थोडा वर झाला, वाट बघितल्यासारखा.

मागून कोणी तरी म्हणालं, असं नाय म्याडम, असं तर आम्ही बायकोला पण मारत नाय. पोरं खिंकाळली.

गोदी बसल्या जागेवरून बोलली, आवाज न चढवता. "टोक तो कधीचा विसरला, पोरी. पोरांनी त्याला मारच शिकवलाय. मार."

प्रतिक्षानं मारलं. खांद्यावर. कारवीची काठी हलकी असते, पण अंगावर सुरीसारखी बसते. सोन्यानं अंग आखडलं. पडला नाय. पोरं म्हणाली, और एक. तिनं दुसरी मारली. आणि मग तिच्या आत काय तरी सुटलं. हेमराजच्या मोबाईलचा राग आला, म्हाताऱ्याच्या तंबाखूचा आला, पालघरच्या मीटिंगचा, भाजी आली म्हणणाऱ्या पोरांचा, आणि पडत नाय म्हणून या येड्याचा पण आला. तिसरी काठी सोन्यासाठी नव्हतीच. पण राग ज्याचा त्याच्यावर कुठं पडतो? जो पुढं उभा असतो आणि उलटा मारत नाय, त्याच्यावर पडतो. ती त्याच्या पाठीवर पडली आणि कातडं फाटलं. चौथी पण पडली. चौथीची काय गरज होती ते तिला कोणी विचारलं नाय.

म्हैसा गुडघ्यावर आला, मग बाजूला कलंडला. शिंग दगडावर आपटलं. पाड्यानं आरोळी ठोकली, लग्नात ठोकतात तशी. गोदी धावली, फडकं तिनं दातानं तोडलं. आतून सोन्याचं तोंड निघालं, डोळे आत गेलेले, ओठ वाळून पापुद्रे निघालेले, आणि तो हसत होता.

"मेला," तो म्हणाला. आवाज फुटत नव्हता. "म्हैसा मेला."

गोदीनं पदर भिजवून त्याचे ओठ ओले केले, मग घोट घोट पाजलं. त्यानं तांब्या संपवला, दुसरा संपवला. भाकरीचा पहिला घास खाल्ला आणि टाळ्या वाजवल्या. प्रतिक्षा काठी धरून उभी. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिला कळेना. जमलं, एवढंच तिच्या मनात. तिनं गोदीला म्हटलं, त्याला सदरा घाला, लवकर. गोदी घरात धावली.

सदरा यायच्या आधी जीप आली.

मोठ्या बाई उतरल्या. वाईट बाई नाय ती. त्यांनी सोन्याच्या पाठीकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला, खरंच पडला. कोणी केलं, विचारलं. पाडा एरवी कावळ्यासारखा कलकलतो, पण आता कोणी शब्द काढेना. हेमराज तेवढा मोबाईल पुसत पुढं आला. बोलायची गरज नाय म्याडम, म्हणाला, इसमें सब है.

"मी मारलं," प्रतिक्षा म्हणाली.

आणि तिनं सगळं सांगितलं. उपास, टोक, देवराम, पाणी, सगळं. मोठ्या बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाय. सांगून झाल्यावर त्यांनी प्रतिक्षाच्या हातातली काठी हळूच काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली.

"तू खोटं बोलत नाहीस, मला माहिती आहे," त्या म्हणाल्या. "पण जिथं माझी शिकलेली मुलगी एका दुपारीत काठी उचलते, तिथं मी ह्याला वर्षभर कुणाच्या भरवशावर ठेवू?"

त्यांनी बरोबरच्या दोन माणसांना सोन्याकडं खुणावलं.

दोरी लागलीच नाय. सोन्या जीपमध्ये आपणहून चढला. जीपमध्ये तो कधी बसलेला नव्हता, त्याला वाटलं सोंग चांगलं झालं म्हणून मिरवणूक. गोदी सदरा घेऊन आली ती त्याच्या शेजारी चढायला गेली. दोघांपैकी एका माणसानं तिला दंडाला धरून खाली घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्हाला आता येता येणार नाही ताई, तुमचं पालकत्व मी आजपासून थांबवलंय, पुढं समिती बघेल. गोदीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं सदरा खिडकीतून आत दिला. सोन्यानं तो डोक्याला बांधला. जीप वळली, चढावर धूळ उठली, धुळीतून टाळ्या ऐकू येत होत्या.

मुखवटा विहिरीजवळ पडलेला. देवराम काठी टेकत खाली आला, त्यानं तो उचलला, फुंकर मारली, शिंग हलवून बघितलं. सोन्याच्या घरात आता पुरुष नाय. म्हाताऱ्यानं मुखवटा हेमराजच्या हातात दिला. चुलत का होईना, रक्ताचा हाय. हेमराजनं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. पुढच्या साली त्याच्यावर काठी उचलायची कोणाची छाती नाय. टोकावर भागेल.

धूळ खाली बसली नव्हती तोवर बाया विहिरीला भिडल्या. हंड्यावर हंडा आदळायला लागला. तळाला हातभर पाणी, तेपण गढूळ, आणि सकाळपासून अडलेली तहान. कोंडीनं आधी दोर टाकला, तिच्यामागं रांग लागली. प्रतिक्षा काठावर तशीच उभी, बाया तिला वळसा घालून जात होत्या, जशा गाईला घालतात.

गोदी घराकडून आली. डोक्यावर हंडा. फाटलेल्या ओठावर हळद लावलेली. प्रतिक्षा तिच्यासमोर झाली. तिला काय तरी सांगायचं होतं. मी अर्ज करीन, मी सोडवून आणीन, असलं काय तरी. तोंड उघडलं.

"सर बाजूला, पोरी," गोदी म्हणाली. "नंबर जातो माझा."